अजून न आलेला कॅमेरा

"मुंडावळीतून डोळा धरतो का, तेवढं बघ," काका म्हणाला.

मी दुकानाच्या काउंटरवर मांडी घालून बसले होते आणि मोबाइलवरची बातमी मोठ्यानं वाचून दाखवत होते. "काका, मुंडावळीला इंग्रजीत काय म्हणतात तेच मला माहीत नाही. आणि ही बातमी ज्यानं लिहिलीय त्यानं जन्मात मुंडावळी बघितली नसेल."

"मग विचार की त्याला. खाली लिहायला जागा असते ना?"

"आणि जुन्या लेन्सा बसतील का, तेही विचार!" बाबा आतून ओरडले. आत ते एका तान्ह्या बाळाचा पासपोर्टचा फोटो काढत होते आणि बाळ काही केल्या डोळे उघडत नव्हतं.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आठवीत होते. कंपनीचा नवा फुल फ्रेम कॅमेरा येणार, येणार म्हणून आमची सगळी बार्शी, म्हणजे बार्शीतले सगळे फोटोवाले, ताटकळून बसले होते. फुल फ्रेम म्हणजे ज्याचा सेन्सर जुन्या रोलच्या चौकटीएवढा मोठा असतो तो. सेन्सर मोठा, म्हणजे उजेड जास्त. कार्यालयातल्या मरतुकड्या ट्यूबलाइटमध्येसुद्धा नवरीचा शालू शालूसारखा दिसणार, भिजलेल्या गोणपाटासारखा नाही. (हे शेवटचं काकाचं वाक्य.) कंपनी मात्र तोंड उघडत नव्हती. त्यामुळे जगभरातली रिकामटेकडी माणसं रोज अंदाज बांधायची, ते अंदाज इंग्रजीत छापून यायचे, आणि आमच्या घरात धड इंग्रजी वाचणारी मी एकटी.

तोवर मी शाळेत हजेरीपुरतं तोंड उघडणारी मुलगी होते. खरंच! 'पतंगे, जरा मोठ्यानं' हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते माझं पूर्ण नाव वाटायचं. पण बाबा आणि काका, दोन मोठे बाप्ये, रोज संध्याकाळी मी शाळेतून यायची वाट बघायला लागले, "शरू, काय म्हणतायत आज?" असं विचारायला लागले, आणि माझा आवाज आपोआप चढला. महिन्याभरात मी शेजारच्या फोटोवाल्यांनासुद्धा 'तुम्हाला त्यातलं कळत नाही, थांबा, मी सांगते' म्हणायला लागले होते.

माझा स्वार्थही होता, उगाच खोटं कशाला बोलू. आमच्याकडे दोन कॅमेरे होते, मोठा आणि बारका. मोठा बाबांच्या गळ्यात, बारका काकाच्या. बाबांनी मला शब्द दिला होता, "नवा आला की बारका तुझा." आणि शाळेत बोराडे सर म्हणाले होते, "स्वतःचा कॅमेरा आण, स्नेहसंमेलनाला स्टेजपुढे तुलाच उभी करतो." स्टेजपुढे! गळ्यात पट्टा, सगळी शाळा मागे, आणि मी हात वर करून सांगणार, 'जरा डावीकडे सरका.' मला झोपेत ते दिसायचं. म्हणून तो कॅमेरा यावा असं माझ्याइतकं कुणालाच वाटत नसेल, कंपनीच्या मालकालासुद्धा.

तर मी त्या बातमीखाली लिहिलं, की आमच्याकडे नवऱ्या मुलीच्या कपाळाला मोत्यांच्या सरी बांधतात, त्या गालांवर लोंबतात, आणि कॅमेरा डोळा सोडून मोत्यावर फोकस करतो, तर नवा कॅमेरा हे टाळेल का? दुसऱ्या दिवशी कुठल्याशा देशातून एकाचं उत्तर आलं, "नवरीला सांगा, सरी काढून ठेव."

मी ते वाचून दाखवल्यावर काका इतका हसला की त्याला ठसका लागला. "ह्याला आपल्या वाण्याच्या प्लॉटातल्या लग्नाला आणा रे कुणीतरी. मुंडावळी काढ म्हणाला तर करवल्या कुटून काढतील."

तोपर्यंत सगळं ठीक होतं. गोंधळ पुढे सुरू झाला.

एका संध्याकाळी मी तोंड पाडूनच दुकानात गेले. कॅमेरा लांबणीवर पडल्याची बातमी होती. कुठला तरी सुटा भाग मिळत नाही, दिवाळीत येणार नाही, आता एकदम मार्गशीर्षात. मी हळूच सांगितलं. वाटलं, दोघं आता कंपनीच्या नावानं शंख करणार.

बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "असू दे. घाई काय आहे?"

"होय की," काका म्हणाला. "घाईत काढलेला माल खराबच असतो. अण्णा, भजी आणू का?"

भजी! शनिवार नाही, पाऊस नाही, गिऱ्हाईक नाही आणि भजी! काका शीळ घालत गेला आणि मिरच्यांची वेगळी पुडी बांधून घेऊन आला. त्या दिवशी दोघं जुन्या लग्नांच्या गोष्टी सांगत बसले. एका वऱ्हाडातला म्हातारा प्रत्येक फोटोत कसा घुसला होता, आणि शेवटी अल्बममध्ये नवरदेवापेक्षा त्याचेच फोटो कसे जास्त निघाले, हे काकानं उभं राहून करून दाखवलं. बाबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मी पण हसले, पण मनात म्हटलं, यांना झालंय काय?

मग पंधरवड्यानं उलटी बातमी आली. वेळेवर येतोय, आणि बॅटरी दुप्पट चालणार. मी दुकानाच्या पायऱ्या उड्या मारत चढले. "बाबा! काका! आता दिवसभराचं लग्न एका बॅटरीत!"

बाबा फ्रेमला खिळे मारत होते. ठोकतच राहिले. काका म्हणाला, "दुप्पट बॅटरी म्हणजे दुप्पट वजन. मान मोडायची आमची."

"आणि गरम होत असणार," बाबा म्हणाले.

"होणारच."

"तसं काही लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"लिहितील कशाला? आपला माल गरम होतो असं कोण लिहितं?"

असं रोज व्हायला लागलं. मी काहीही चांगलं वाचून दाखवावं आणि दोघांनी मिळून त्यात खोट काढावी. फोटो जास्त मोठे निघतात? मग संगणक दमणार. आवाज न करता फोटो काढतो? मग पाहुण्यांना कळणार कसं की फोटो निघाला, ते तसेच दात काढून उभे राहतील. स्क्रीन बाहेर उघडते? मग तुटणारच. गंमत म्हणजे दोघांचं इतर कशावर कधी एकमत व्हायचं नाही. चहात साखर किती यावरही नाही. पण या न आलेल्या कॅमेऱ्याला नावं ठेवायची म्हटली की अगदी एका सुरात.

मी एकदा चिडून विचारलं, "तुम्हाला तो घ्यायचाय की नाही?"

"घ्यायचाय की," दोघं एकदम म्हणाले. आणि दोघांनी एकदम दुसरीकडे बघितलं.

काकी तेव्हा दारात उभी होती. ती दुकानाच्या वरच्या खोलीत नवरीचा मेकअप करून द्यायची, हातावर कायम कसल्या तरी रंगाचे पट्टे असायचे. तिनं मला विचारलं, "शरू, नक्की तारीख काय म्हणालीस?"

मी सांगितली. तिनं बोटांवर काही तरी मोजल्यासारखं केलं आणि ती वर गेली. मला वाटलं, वा, निदान घरात एक माणूस तरी माझ्या बाजूचं आहे.

त्याच आठवड्यात सोलापूर रोडच्या कार्यालयात एक लग्न होतं. रविवार होता म्हणून मी लाइटचा स्टँड धरायला गेले होते. मंगलाष्टकं सुरू झाली की आमचं ठरलेलं असतं: बाबा नवरीच्या बाजूला, काका नवऱ्याच्या बाजूला, मध्ये अंतरपाट. एकमेकांना दोघं दिसत नाहीत. शेवटचं 'सावधान' झालं की अंतरपाट खाली येतो, आणि तो क्षण पुन्हा मागता येत नाही. भटजींना 'परत एकदा' कोण म्हणणार? अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, दोन्ही फ्लॅश असे एकावर एक पडले की एकच पडल्यासारखे वाटले. मग बाबांनी नवरा-नवरीच्या डोक्यांवरून काकाकडे बघितलं. काकानं हनुवटी जराशी वर केली. म्हणजे, मिळाला. बाबांनीही हनुवटी वर केली. हे मी लहानपणापासून बघत आले होते. पण त्या दिवशी त्यानंतर बाबा कॅमेरा खाली घेऊन तसेच उभे राहिले, हार घालणं सुरू झालं तरी. "अण्णा, हार!" काका ओरडला तेव्हा ते भानावर आले. असं कधी झालं नव्हतं.

"बाबा, बरं वाटत नाही का?"

"अक्षता गेली डोळ्यात," ते म्हणाले.

आणि मग तो दिवस आला. संध्याकाळी कंपनी सगळ्या जगासमोर कॅमेरा दाखवणार होती, आणि आम्ही दुकानातल्या संगणकावर बघणार होतो. शाळेतून आले तर दुकानात कुणी नाही, बाबा आणि काका दोघं कुठल्या तरी साखरपुड्याला. फोन वाजला. सोलापूरचे सय्यदभाई, आम्ही सगळं सामान त्यांच्याकडूनच घेतो.

"कोण, शरू बेटा? बाबांना सांग, पहिल्या खेपेत मला एकच पीस मिळणार आहे. तुमच्यासाठी धरून ठेवलाय. कार्यक्रम संपला की लगेच फोन करा, नाहीतर पंढरपूरवाले टपून बसलेत."

"हो हो, लगेच करतो!" मी जवळजवळ नाचतच होते.

"आणि बिल तुझ्या काकाच्या, रमाकांतच्या एकट्याच्या नावावर ना? दुकानाच्या नावानं नाही करायचं, असं बाबा म्हणाले होते. पुण्याचा पत्ता तेवढा पाठवायला सांग."

"कुठला पुण्याचा पत्ता?"

"बाबांनाच विचार, बेटा," सय्यदभाई म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी दुकान तसंच उघडं टाकून मागे घरात गेले. आई ओट्याशी मेथी निवडत होती.

"आई, पुण्यात काय आहे?"

"शनिवारवाडा," आई म्हणाली. मग तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिच्या हातातली जुडी खाली गेली. "कुणी सांगितलं तुला?"

"म्हणजे खरंय? काय खरंय?"

आईनं पदराला हात पुसले. "पल्लवीकाकीच्या भावानं पिंपरीत गाळा बघून ठेवलाय. पुढे भावजींचा स्टुडिओ, मागे तिचं पार्लर. चांगला गाळा आहे म्हणे. रस्त्यावर आहे."

"आणि आपलं दुकान?"

"आपलं दुकान यांचं. सगळं ठरलंय, गोडीगुलाबीनं. नवा कॅमेरा आला की तो भावजींचा, मोठा यांचा."

"आणि बारका माझा," मी म्हणाले.

"हो."

मी इतके दिवस मोजत होते ते वेगळंच होतं. मला वाटायचं, नवा आला की आमच्याकडे तीन कॅमेरे होतील. तीनच होणार होते, पण एका गावात नाही.

"मग ते दोघं रोज त्याच्यात खोट का काढतात?" मी विचारलं. "एकदा ठरलंय तर?"

"ते मला नको विचारू."

"मग कुणाला विचारू? बाबांना?"

"खबरदार विचारलंस तर!" आई म्हणाली आणि मेथीची जुडी उचलून निवडलेलीच पानं पुन्हा निवडायला लागली.

संध्याकाळी आम्ही पाचही जण दुकानात बसलो. शटर अर्धं खाली ओढलेलं. बाबा आणि काका पुढच्या दोन खुर्च्यांवर, मी मध्ये स्टुलावर, आई मागे, काकी दाराशी टेकून. पडद्यावर काळा शर्ट घातलेला एक गोरा माणूस आला. तो इतक्या भरभर बोलायचा की अर्धं मलाच कळत नव्हतं, पण मी कळल्यासारखं सांगत होते. त्या दिवशी माझा आवाज पहिल्यांदाच परत आत गेला होता.

"मोठ्यानं, शरू," बाबा म्हणाले.

"बॅटरी दुप्पट चालते. वजन... वजन उलट कमी आहे म्हणतोय. गरम होत नाही, आत पंख्यासारखं काही तरी आहे."

"बरं," काका म्हणाला.

"जुन्या लेन्सा बसतात. मध्ये लावायची रिंग डब्यातच मिळते."

"बरं," बाबा म्हणाले.

मग पडद्यावर एक मुलगी आली. तिच्या तोंडासमोर मण्यांचा पडदा होता, दाराला लावतात तसा. ती मान हलवत होती, मणी हलत होते, आणि त्या मण्यांमागे तिच्या डोळ्यावर एक हिरवी चौकट चिकटून बसली होती. मणी कितीही आले-गेले तरी हलायलाच तयार नाही. काका पुढे झुकला. त्याचं तोंड उघडंच राहिलं. फोटोवाला माणूस आहे शेवटी, ते बघून त्याला आनंद झाल्यावाचून कसं राहील? तो आनंद मला स्पष्ट दिसला. मग तो हळूहळू मावळला, आणि काका खुर्चीला टेकून बसला.

"धरतो म्हणायचं," तो म्हणाला.

"धरतो," बाबा म्हणाले.

एक एक करून सगळ्या खोटी संपत चालल्या होत्या. कुणी भजीचं नाव काढलं नाही. काकाच्या खिशातला फोन त्यानं बाहेर काढून मांडीवर ठेवला, सय्यदभाईंना लावायला. बाबा त्या फोनकडे बघत होते, पडद्याकडे नाही.

गोऱ्या माणसानं कॅमेऱ्याच्या कडेचं छोटं दार उघडलं. कॅमेरा एकदम मोठा होऊन पूर्ण पडदाभर आला. दोन खाचा, एकीखाली एक. कार्डाचे दोन स्लॉट. त्याबद्दल आमच्याकडे कुणी कधी विचारलंच नव्हतं, कारण लग्नाच्या कामाला दोन कार्डं लागतातच. एक कार्ड दगा देतं तेव्हा दुसऱ्यावर लग्न वाचलेलं असतं. एकाच कार्डावर लग्न काढणारा माणूस बार्शीत सापडायचा नाही. तो गोरा माणूस दोन बोटं वर करून दाखवत होता.

"काय म्हणतोय?" बाबांनी विचारलं.

मला स्टेज दिसलं. खरंच सांगते, त्या वेळीसुद्धा दिसलं. गळ्यातला पट्टा, बोराडे सर, 'जरा डावीकडे सरका.' आणि माझ्या एका बाजूला बाबांचा गुडघा होता, दुसऱ्या बाजूला काकाचा, आणि दोन्ही गुडघे सारखेच हलत होते.

"एकच," मी म्हणाले. "कार्डाचा स्लॉट एकच आहे म्हणतोय."

माझा आवाज अख्ख्या दुकानात ऐकू गेला. पडद्यावर दोन खाचा तशाच, हातभर मोठ्या. दोन बोटंही तशीच. आयुष्यभर डोळ्यांवर पोट भरणारी ती दोन माणसं त्या पडद्याकडे टक लावून बघत होती.

माझे कान तापले.

"एकच?" शेवटी बाबा म्हणाले. "मग काय उपयोग?"

काकानं माझ्याकडे बघितलं नाही. तो बाबांकडे बघत होता. "तेच म्हणतो मी, अण्णा. लग्नाला एक कार्ड? जमायचंच नाही."

"जोखीम आहे."

"मोठी जोखीम. पुढचं मॉडेल बघू."

"पुढचं बघू," बाबा म्हणाले.

आई मागे काही तरी पुटपुटली, देवाचं नाव असावं. आणि तेवढ्यात दाराशी काकी हलली.

"मला दोन दिसतात," ती म्हणाली.

आम्ही सगळे वळलो. काकी सरळ पडद्याकडे बघत होती. तिच्या मनगटावर लाल रंगाचे चार-पाच पट्टे होते. कुठल्या तरी नवरीला कुठला शोभेल ते ती दुपारभर बघत बसली असणार. पिंपरीचा तो गाळा तिनं स्वतः जाऊन बघितला होता, हे मला फार पुढे कळलं. आरसा कुठल्या भिंतीला लावायचा तेही तिचं ठरलं होतं.

काका उठून उभा राहिला. "पल्लवी..."

"दोन दिसतात मला," ती पुन्हा म्हणाली. मग तिनं काकाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, सगळ्यात शेवटी माझ्याकडे. रागावली होती का? हसली का? मी अजून ठरवू शकलेले नाही. तिनं पदराच्या टोकानं मनगट घासलं. रंग निघाला नाही, नुसता पसरला.

"पण मला काय कळतंय कॅमेऱ्यातलं," ती म्हणाली.

आणि आमच्याकडे पाठ करून तिनं पिंपरीला फोन लावला. "हॅलो, दादा? अरे, तो गाळा दुसऱ्या कुणाला द्यायचा तर दे. नाही, भांडण कसलं? कॅमेऱ्यात खोट निघाली."